पुलाएवढा धवला

उभी मालगाडी निघते तेव्हा आधी तिला हिसका बसतो. इंजिन ओढतं, पहिला डबा हलतो, त्याचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा पुढच्याला, आणि तो खणखणाट लांबून जवळ येत आपल्यासमोरून पुढे निघून जातो. त्यानंतर कुठे चाकं फिरायला लागतात. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आमचं घरच रुळांना लागून. तरी आज सकाळी अंगणात बसून घागरीला हळदीची बोटं ओढत होते आणि तो हिसका आला, तेव्हा माझं बोट घागरीवरच थांबलं. मांडवातली भांडी किणकिणली. कांदे चिरणाऱ्या बायकांची बडबड क्षणभर तुटली आणि पुन्हा सुरू झाली. सगळ्यांनी नकळत एकदा माझ्या आईकडे पाहून घेतलं. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. या आवाजाला ती कधीच मान वर करत नाही. मी मात्र वसईला एव्हरशाईन सिटीत सातव्या मजल्यावर राहते, जिथे मालगाडी ऐकूसुद्धा येत नाही, आणि तिथेही कुणी लोखंडी कपाट जोरात लावलं की माझ्या दातांत कळ जाते. डॉक्टर म्हणतात, दात उत्तम आहेत.

आज माझ्या भाचीची, उन्नतीची हळद. माझ्या भावाची, विलासची ही एकुलती लेक. आणि माझी आई, नामीबाय, ही जूचंद्रची धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण लावते, गाण्यांनी. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ब्राह्मण येतो, मंगलाष्टकं होतात, पण धवलारीण तोंड उघडत नाही तोवर घराला लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आईच्या हाताखालून अर्ध्या गावाची लग्नं गेली. मी बँकेत बसते म्हणून ती मला 'बँकवाली' म्हणते. धवले शिकायला मी कधी तिच्यापाशी बसले नाही. तरुणपणी लाज वाटायची, पुढे वेळ नव्हता, आणि मग तर तोंडच करपलं. त्याला कारण आहे, सांगते.

हळदीचं पाणी रुळांपलीकडच्या बावीतून आणायचं असतं. घरात नळ आहे, टाकी आहे, बाटल्यांचे क्रेटही आलेत, पण नवरीची आंघोळ बावीच्या पाण्याने. बाव म्हणजे जुनी विहीर, मिठागराच्या बांधाला लागून, आणि तरी पाणी गोडं. घागरी भरल्या की आई धवला उचलते आणि घागरी मांडवात टेकेपर्यंत तो तुटायचा नाही. तुटला तर पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा भरायला जायचं. हा धवला आमंत्रणाचा असतो. डोंगरीच्या आईला, म्हणजे टेकडीवरच्या देवीला बोलावणं, बावीच्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना बोलावणं, वेशीवरच्या देवाला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. एकाला एकदाच. दोनदा बोलावलं की पहिलं बोलावणं खोटं पडतं, असं आई म्हणते. त्यामुळे धवल्याची लांबी ठरलेली. बावीपासून फाटकातून आमच्या मांडवापर्यंत तो बरोबर पुरायचा. कुणी मापून केलेला नाही, पिढ्यान् पिढ्या चालून चालून तो तेवढा झालाय.

फाटक म्हणजे रेल्वेचं फाटक, जे आता नाही. दोन्ही बाजूंना लाल-पांढरे दांडे, केबिन, केबिनसमोर गेटमनने लावलेली मिरचीची रोपं. दांडा पडला की सगळं गाव दोन्हीकडे तुंबायचं, टेम्पो, शाळेच्या गाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. आणि पुढे सिग्नल मिळाला नाही की मालगाडी ऐन फाटकावर ठाण मांडायची. किती वेळ उभी राहील ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं, त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं. मग लोक वाकायचे. दोन डब्यांमधल्या जोडाखालून, आधी पिशवी पलीकडे, मग आपण. गरोदर बायका वाकायच्या, म्हातारे वाकायचे. मीही वाकलेय, परीक्षेला उशीर होतो म्हणून, नव्या साडीला वंगण लागेल एवढीच भीती. उभ्या गाडीला कसली भीती, असं सगळेच म्हणायचे. आणि धवला असला तर विचारूच नका. धवला थांबणार नाही, गाडी हलणार नाही, मग बायका घागरी जोडाखालून हातोहात सरकवायच्या, एकेक करून स्वतः जायच्या, आणि गाणं रुळांच्या दोन्ही बाजूंनी चालू राहायचं. पाहणाऱ्याला मोठं कौतुक वाटायचं.

उन्नती शाळेत होती तेव्हा तिची आई अशीच गेली. गुलाब, माझी भावजय. लग्न शेजारच्या आळीत होतं. मी तिथे नव्हते, बँकेत होते, मला हे सगळं मॅग्डलीनने सांगितलं, ती तिथे होती. मॅग्डलीन पाचूबंदरची, गुलाब आणि ती नायगावच्या बाजारात शेजारी शेजारी मासळी घेऊन बसायच्या. आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला मॅग्डलीन घागर घेते, आणि तिच्या घरी कुणाचं लग्न असलं की गुलाब चर्चमध्ये डोक्यावर पदर घेऊन पुढच्या बाकावर बसायची. त्या दिवशी आई पहिली पलीकडे गेली, मग बाकीच्या, मग घागरी. गुलाब शेवटची. ती वाकली आणि लांबून हिसका सुटला. आईने तो ऐकला. मॅग्डलीन शपथेवर सांगते की आईने ऐकला, कारण तिचे डोळे इंजिनाच्या दिशेला वळले. पण आईच्या तोंडात धवला होता. कुणाचं तरी बोलावणं चालू होतं, 'ये गो बाय ये गो'. थांब म्हणायचं तर धवला तोडायला हवा होता. तो तुटला, पण गुलाब गेल्यावर तुटला. गुलाबने शेवटचा शब्द ऐकला असेल तो 'ये'.

आईने हिसका ऐकला होता, याबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. विलास म्हणायचा, फाटकाने घेतली. शेजारी म्हणायचे, नशीब. आई काहीच म्हणाली नाही, आणि सुतक फिटल्यावर दुसऱ्याच्या मांडवात जाऊन उभी राहिली, त्याच तोंडाने, त्याच 'ये गो'ने. मला ते सहन झालं नाही. हिचं काळीज आहे की वरवंटा, असं मी मनात किती वेळा म्हटलंय. तिच्या धवल्यात गेलेल्या सगळ्यांना बोलावणं असतं, माझ्या बाबांनासुद्धा. बाबांचं नाव, रामनाथ, ती एरवी कधी घेत नाही, नवऱ्याचं नाव बायको घेत नाही म्हणून, फक्त धवल्यात घेते. पण गुलाबचं नाही. अपघातात गेलेल्याला लग्नाला बोलवत नाहीत, असा रिवाज आहे म्हणे. गुलाब गेल्यापासून आईने तिचं नाव उच्चारलेलं मी ऐकलं नाही. उन्नतीला सांगतानाही 'तुजी आय' एवढंच.

मग पूल झाला. पूल झाला की फाटक बंद, असा रेल्वेचा नियम. त्यावर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. नव्या टॉवरमधली माणसं म्हणाली, बंद करा, रात्रभर हॉर्न वाजतात, लेकरं दचकून उठतात. गाव म्हणालं, बंद करू नका, पूल गाड्यांचा आहे, म्हातारी माणसं डोक्यावर ओझं घेऊन एवढा चढ चढणार कशी, निदान पायी जाणाऱ्यांना भुयारी मार्ग द्या. दोघांचंही खरं होतं. रेल्वेचे साहेब नवखे होते, घाम पुसत ऐकून घेत होते, म्हणाले, इथून जाणाऱ्या गाड्या वाढतच जाणार, लांबही होणार, कंटेनरवर कंटेनर चढवलेल्या, तुम्ही वाकत राहिलात तर आम्ही कुठवर पुरे पडणार. मी उठले आणि बंद करा म्हणाले. गावची मुलगी असून टॉवरवाल्यांच्या बाजूने बोलली, म्हणून दोन वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आई मागच्या रांगेत होती, ती मध्येच उठून गेली. फाटक बंद झालं, भिंत आली, भिंतीवर पाटी आली, रूळ ओलांडणे दंडनीय अपराध आहे. महिन्याच्या आत पाटीच्या शेजारीच भिंतीला भगदाड पडलं. कुणी पाडलं ते कुणालाच माहीत नाही. त्यातून गावही जातं, आणि स्टेशन गाठायची घाई असली की टॉवरवालेही जातात, हॉर्नची तक्रार करणारे तेच. भुयारी मार्गही झाला, पण त्यात पाणी साचतं आणि बेडूक ओरडतात.

सकाळी उन्नतीने मला आतल्या खोलीत ओढून नेलं. हातावर मेंदी, तोंडावर जागरण. 'आत्या, आजीला भगदाडातून नको ना जाऊ देऊ. गाडी उभी असली तर ती वाकणारच, तुला माहितीये ती कशी आहे. मला नकोच ते पाणी. नळाचं चालेल. मी डॅडींना बोलले, तर ते म्हणाले आजीला सांगायची हिंमत नाही.' मी म्हटलं, बघते. तिने माझा हात सोडला नाही. 'बघते नको. प्रॉमिस कर. माझ्या हळदीला कुणी मरायचं नाही.' तिच्या आईसारखंच तिचं नाक बोलताना लाल होतं. मी प्रॉमिस केलं, पण आईला मी आजवर कशापासूनच थांबवू शकलेले नाही.

जाताना रूळ मोकळे होते, आई आणि बाकीच्या बायका भगदाडातून बावीकडे गेल्या. मी पुलाने गेले. मॅग्डलीन माझ्याबरोबर आली, म्हणाली, 'माझे गुडघे गेले, पण भगदाड बघितलं की छातीच जाते.' आम्ही रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन चढलो. बाजूने ट्रक जात होते, पूल पायांखाली थरथरत होता. आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात धवला म्हणतेय. डोंगरीच्या आईपासून ओळीने. एकही नाव चुकत नव्हतं. कधी शिकले मी? पाळण्यात शिकले असेन, नाहीतर कुठे. बाबांचं नाव आलं, धवला संपला, आणि मी पुलाच्या मध्यावर होते. पुढे सगळा उतार, मग वळसा, मग आमची आळी. धवला पुलाला पुरत नव्हता.

बावीवर आई घागरीच्या तोंडाला आंब्याचे डहाळे खोचत होती. मी म्हटलं, 'आई, येताना पुलावरून जायचं.'

'धवला पुरनार नाय.'

'सावकाश म्हण.'

'सावकाश म्हनून माप वारतंय काय? एक तं तू कवा धवल्याला उबी नाय रायलीस, आथा मना शिकवतेस, बँकवाली.'

'मग तुटू दे. पाणी ओतू, दुसरं आणू. धवलाच आहे तो, आई.'

तिने माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी सरळ पाहिलं. 'त्या दिसापासून मी धवला तोरला नाय,' ती म्हणाली. 'आज तोरला तं तवा पन तोरता आला असता.' आणि खाली वाकून घागर उचलली.

मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी तिला वरवंटा म्हणत होते. ही बाई प्रत्येक मांडवात जाऊन, 'ये गो, ये गो' करत, स्वतःला एकच गोष्ट पटवत होती, की धवला तुटत नसतो, तो कुणाच्यानेच तुटत नसतो, म्हणून तेव्हाही तिला तो तोडता आला नसता. त्या एका गोष्टीवर ती जेवत होती आणि झोपत होती. आणि मी तिला सांगत होते, धवलाच आहे तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून मी बावीत बघत राहिले.

तिने धवला उचलला. 'पयला बोलावना गो डोंगरीच्या आईला, ये गो आई ये गो, उन्नतीच्या हलदीला.' बायकांनी ओळ झेलली, मागून तशीच म्हटली, आणि आम्ही निघालो. आईचा आवाज आता घोगरा झालाय, पण तो जिथे लागायला हवा तिथेच लागतो. बांधावरून चाललो, वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या कडेने, आणि समोर भिंत दिसली. भगदाडात उजेडाऐवजी तांबडं लोखंड होतं. मालगाडी येऊन उभी होती.

बायकांची ओळ किंचित ढिली पडली. आईची नाही. मी पदर खोचला आणि पुढे जाऊन भगदाडात उभी राहिले, हातात भरलेली घागर. पाठीला लोखंडाची धग लागत होती. आई माझ्यासमोर आली. तिला बोलता येत नव्हतं, तोंडात धवला होता. तिने वेशीच्या देवाला बोलावता बोलावता हाताने मला बाजूला हो म्हणून खुणावलं. मी मान हलवली. तिने पुन्हा खुणावलं, मग माझ्या खांद्याला धरून ढकललं. घागरीतलं पाणी माझ्या छातीवर सांडलं. मी हलले नाही. तेवढ्यात मॅग्डलीन वळली. काही न बोलता, ओळ तोंडात ठेवून, ती पुलाच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. धवलारीण एकटी गाऊ शकते, पण ओळ झेलणारं कुणी नसेल तर तो धवला होत नाही. झेल लांब जायला लागला तशी आई माझ्यावरची नजर न काढता मागे सरली आणि त्यांच्या मागे चालू लागली. असं रागाने तिने माझ्याकडे मी लहान असतानाही बघितलं नव्हतं.

पूल चढताना तिला धाप लागली. मी तिच्या कोपराला हात लावला, तिने झटकला. टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, एकाने मोबाइल बाहेर काढून शूटिंग केलं. आई ओळी ताणत होती, एकेका नावावर रेंगाळत होती, आजा, आजी, चुलते, पण माझ्या मनात माप चालू होतं आणि तिच्याही असणार. मला वाटलं, मी हे काय करून बसले. म्हातारीचं उरलंसुरलं मी भर रस्त्यात मोडणार आहे, तिच्याच नातीच्या हळदीला, आणि वर त्याला शहाणपण म्हणणार आहे. मध्यावर पोचलो. 'बोलावना गो रामनाथबाबाला, ये रं बाबा ये रं, नातीच्या हलदीला.' बायकांनी झेललं. शेवटचं झेलणं होतं, ते त्यांनीही लांबवलं. आणि नेमका खालून हिसका सुटला. लांबून, इंजिनाकडून, डब्यामागून डबा, बरोबर आमच्या पायांखालून गेला. आईने तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. तिने खाली पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा मी तिला त्या आवाजाकडे पाहताना पाहिलं.

मी गायले. कसं ते सांगता येणार नाही, आवाज फाटका होता आणि सूर चढा लागला. 'बोलावना गो गुलाब सूनबायला, ये गो बाय ये गो, लेकीच्या हलदीला.'

कुणी झेललं नाही. बायका माझ्याकडे बघत राहिल्या, एकीने पदर तोंडाला लावला. अपघाताने गेलेलीला बोलावत नाहीत. खाली चाकं फिरायला लागली होती. मग मॅग्डलीनने एकटीने ओळ झेलली, तिच्या चर्चमधल्या सुरात, 'ये गो बाय ये गो', आणि ती रडत होती. तिच्यामागून बाकीच्या आल्या. ओळ संपत आली आणि मी आईकडे पाहिलं, कारण माझ्यापाशी पुढे काहीच नव्हतं. मला नावं येत होती, धवला रचता येत नव्हता.

आईने कठड्याला हात टेकला. खालून कंटेनर जात होते, एकामागून एक, संपतच नव्हते. तिचा कोपर मी पुन्हा धरला, या वेळी तिने झटकला नाही. तिने श्वास घेतला आणि खाली वाकून, त्या गाडीकडे बघत, कुणीतरी खरंच तिथे उभं आहे अशा हलक्या आवाजात ओळ टाकली. ही ओळ आमच्या धवल्यात कधीच नव्हती.

'वरून ये गो गुलाब, खालून नको येव. थांब गो बाय थांब, गारी जाव दे.'

बायकांनी ती झेलली. आई चालू लागली, आणि पुलाचा सगळा उतार, वळसा, आमची आळी, मांडवाच्या दारात उन्नती उभी होती तिथपर्यंत, ती तेवढंच गात राहिली. दोनदा नाही, कितीतरी वेळा. घागर टेकवतानाही तिच्या तोंडात तेच होतं, थांब गो बाय थांब.